दुसरी क्लिप: फिरत्या उपदेशकाने दोन वर्षं वापरलेला वायरलेस माइक

हा माइक माझ्यासारख्यांसाठी बनवलेलाच नाही. खोक्यावर हातात कॅमेरा धरलेल्या पोराचं चित्र आहे. वेदी, व्यासपीठ, बायबल यांतलं काही नाही. तरी गेली दोन वर्षं तो माझ्या बॅगेत आहे. देशात आणि परदेशात ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये शिकवायला आणि संदेश द्यायला जातो, तेव्हा बरोबर असतोच. कधी एका रविवारची उपासना, कधी तीन दिवसांचं शिबिर, कधी पाळकांचा आठवडाभराचा अभ्यासवर्ग. पाचपैकी साडेतीन तारे देतो. अर्धा तारा का कापला आणि एक का, ते ओघाने येईल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीचे माइक बऱ्याच कंपन्या बनवतात आणि सगळ्यांची हाडं सारखीच. एक डबी, तिच्यात अंगठ्याएवढ्या दोन क्लिपा आणि एक रिसीव्हर. क्लिप आपल्या कपड्यावर, रिसीव्हर मिक्सरला, म्हणजे स्पीकरला जाणारे आवाज कमीजास्त करायच्या यंत्राला. डबीत ठेवलं की तिन्ही आपोआप चार्ज होतात.

खरं तर मी माइकवाला माणूसच नव्हतो. उपदेशकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत नुसत्या छातीच्या जोरावर गेला पाहिजे, अशा मताचा. 1739च्या सुमारास जॉर्ज व्हाइटफील्ड हा इंग्रज उपदेशक अमेरिकेत फिलाडेल्फियात उघड्यावर उपदेश करत होता, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन त्याचा आवाज कुठवर येतो ते बघत रस्त्याने नदीकडे मागे मागे सरकत गेला आणि हा माणूस तीस हजारांना सहज ऐकू जाईल असा हिशोब त्याने मांडला. ही गोष्ट मी दहा ठिकाणी सांगितली असेन. मग घशाच्या डॉक्टरांनी माझ्या स्वरतंतूंवरच्या गाठी पडद्यावर दाखवल्या आणि म्हणाले, "साहेब, आता ओरडणं बंद." व्हाइटफील्डची गोष्टही त्या दिवशीच बंद झाली.

पहिल्याच वापरात फजिती झाली. दालन भरलेलं, भजन संपलेलं, मी उभा राहिलो, क्लिपवर हिरवा दिवा, रिसीव्हरच्या पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या नाचतायत आणि स्पीकरमधून मात्र शून्य. साधी खरखरही नाही. मिक्सरवरच्या पोराने बटणं वर केली, खाली केली, वायर काढून पुन्हा खोचली. मंडळी शांत बसून माझ्याकडे बघतेय. मी हात मागे बांधून प्रार्थनेत असल्यासारखा उभा. शेवटी जाड वायरचा जुना माइक आला आणि संदेश त्यावरच झाला.

कारण नंतर कळलं आणि ते इथे लिहितो, कारण माहितीपुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नाही. रिसीव्हरमधून निघणारी बारीक पिन स्टिरिओ असते, म्हणजे डाव्या आणि उजव्या अशा दोन तारा. माइक मोनोवर असला की दोन्हींत तोच आवाज जातो. मिक्सरचं माइकचं भोक मात्र बॅलन्स्ड. ते दोन तारांमधला फरक तेवढा उचलतं आणि जे दोन्हींत सारखं असेल त्याला गोंगाट समजून टाकून देतं. आमच्या दोन्ही तारांत माझाच आवाज होता. मिक्सरने इमानदारीत तो वजा केला. पाच वजा पाच.

यावर उपाय सोपा. एका टोकाला बारीक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन जाड मोनो पिना अशी वायर घ्या आणि मिक्सरच्या दोन वेगवेगळ्या चॅनेलांत लावा, माइकच्या गोल भोकात नव्हे, लाइनच्या भोकात. माइकच्या भोकात पुष्कळदा 48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे काही माइकांना लागणारी, मिक्सरकडून वायरीतूनच जाणारी वीज, चालू असतो आणि तो रिसीव्हरच्या पोटात जाणं बरं नाही. वायर हाताशी नसेल आणि लोक वाट बघत असतील, तर रिसीव्हर मोनोवरून स्टिरिओवर टाका. मग दोन तारांत वेगवेगळ्या क्लिपांचे आवाज जातात, एकमेकांना खात नाहीत, आणि वेळ निभावते. ही वायर खोक्यात येत नाही. तिथे अर्धा तारा गेला.

उरलेला एक तारा गेला लहरींमुळे. खोक्यावर दोनशे मीटर लिहिलंय. मोकळ्या मैदानात असेलही. हा माइक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, ज्यावर वायफाय चालतं, ब्लूटूथ चालतं. सकाळी रिकाम्या दालनात तपासलं की एकदम खणखणीत. मग माणसं येतात. प्रत्येकाच्या खिशात फोन. आणि माणसाचं अंग म्हणजे बहुतांशी पाणी, ते या लहरी शोषून घेतं. मिक्सर मागच्या भिंतीशी, रिसीव्हर त्याच्या बाजूला खाली, मध्ये दोनशे माणसं. कृपेवर बोलताना "कृ... ने तारण" असं तुटक जायला लागतं. फळ्याकडे वळलो तर माझंच शरीर आड येतं. म्हणून रिसीव्हर पुढे, व्यासपीठाच्या जवळ आणि डोक्यांच्या वरच्या उंचीवर ठेवायचा, आणि तिथून मिक्सरपर्यंत लांब वायर न्यायची. "वायरलेस म्हणता आणि वायर मागता?" असं साउंडवाले विचारतात. विचारू द्या.

मग चांगला यूएचएफ माइक, म्हणजे वायफायच्या गर्दीपासून दूर, खालच्या लहरींवर चालणारा, का घेत नाही, असं एका पाळकसाहेबांनी विचारलं. ज्यांची एकच मंडळी आहे त्यांनी जरूर घ्यावा, तो जास्त भरवशाचा. पण यूएचएफच्या पट्ट्या देशागणिक बदलतात. अमेरिकेत 600 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बराचसा भाग मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि 13 जुलै 2020 पासून तिथे वायरलेस माइक चालवायला बंदी आहे. घरी कायदेशीर असलेला माइक दुसऱ्या देशात बेकायदा ठरू शकतो. 2.4 जवळपास सगळीकडे विनापरवाना चालतं. फिरत्या माणसाला हे पुरेसं कारण आहे.

स्पीकरमधून येणाऱ्या शिट्टीबद्दल थोडक्यात. या क्लिपा चारी बाजूंचा आवाज घेतात. स्पीकरच्या पुढे पाऊल टाकलं की दालनभर किंचाळी. मला बोलता बोलता बाकांमध्ये शिरायची सवय होती, ती सुटली. क्लिप हनुवटीखाली एक वीत, मध्यभागी. बायबल छातीशी धरून वाचलं की पानांचा वादळासारखा आवाज येतो, तेव्हा पुस्तक जरा खाली धरा. आणि बोलायच्या आधीच्या गीताला म्यूट. माझा बेसूर एकदा अख्ख्या गायनवृंदाच्या वर गेला होता आणि माझ्या पत्नीशिवाय कोणीही मला ते सांगितलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

खोक्यात दोन क्लिपा असतात. दुसरी कोणासाठी? कंपनीच्या लेखी मुलाखत देणाऱ्यासाठी. माझ्या लेखी दुभाष्यासाठी.

भाषांतरावर चालणाऱ्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवेल. पाहुण्या उपदेशकाला चांगला माइक, दुभाष्याला उरलासुरला. तो अर्धं पाऊल मागे, जणू सावली. किंवा दोघांत एकच माइक आणि तो इकडून तिकडे. मी कित्येक वर्षं तसंच केलं. डाव्या हातात उघडं बायबल, उजव्या हातात माइक, वाक्य संपलं की माइक दुभाषी भगिनीकडे, तिचं संपलं की परत माझ्याकडे, आणि पान उलटायचं झालं तर माइक काखेत. एकदा माइक देताना पुस्तक निसटलं आणि वाचायच्या जागी ठेवलेल्या सगळ्या खुणा खाली विखुरल्या. दुभाषी भगिनी खाली वाकून एकेक चिठ्ठी उचलत असताना मी स्पीकरवरून क्षमा मागत होतो, आणि ती क्षमा भाषांतर करायला तिच्याकडे माइकच नव्हता. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं होतं की अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प बसावं. म्हणजे तिचं काम नसेल तर माझं कामच नाही. आणि माइक मात्र माझ्याकडे.

दोघांना एकेक क्लिप लावल्यावर पहिला फरक पडला तो हातांचा. तिचे दोन्ही हात मोकळे, माझेही. दुसरा फरक, आम्ही शेजारी उभे राहायला लागलो, एकमेकांचा चेहरा दिसेल असे. तिला वाक्य लांब वाटलं की ती एक बोट वर करते, मी थांबतो. हे बोट आधीही होतं म्हणे. माझ्या पाठीमागे होतं.

अंतर मात्र सांभाळावं लागतं. दोन क्लिपा अगदी जवळ आल्या की माझा आवाज तिच्याही क्लिपमध्ये कणभर उशिरा शिरतो आणि सगळंच डब्यात बोलल्यासारखं पोकळ होतं. साउंडवाल्यांचा जुना नियम आहे: तोंडापासून माइक जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये. वीतभर खाली क्लिप असेल तर दोघांमध्ये तीन विती हव्यात, म्हणजे साधारण दीड हात तरी. वर सांगितलेली वायर लावून रिसीव्हर स्टिरिओवर ठेवला की दोघांचे चॅनेल वेगळे आलेले असतात, त्यामुळे तिचा मृदू आवाज मिक्सरवर वेगळा वाढवताही येतो.

माइकने एक गोष्ट उघडी पाडली, जी तो दुरुस्त करू शकत नाही. मराठीत क्रियापद शेवटी. "देवाने आपल्या एकुलत्या एका पुत्राला..." असं म्हणून मी परिणामासाठी थांबायचो. दुभाषी कोरडी उभी. पुत्राला काय केलं? दिलं, पाठवलं, राखलं? ती क्रियापदाची वाट बघतेय आणि मी तिच्या भाषांतराची. तो शांत क्षण आता दोन्ही क्लिपांतून स्वच्छ ऐकू येतो. आता मी वाक्य पुरं करूनच थांबतो. आणि चाळीस मिनिटं मिळाली तर वीस मिनिटांचाच संदेश तयार करतो, उरलेली वीस तिची आहेत.

गोंगाट कमी करायचं एक बटण आहे, ते दाबू नका. पंख्याचा आवाज जातो खरा, पण मिक्सरवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मंडळीचं "आमेन"ही अर्ध्यात छाटलेलं निघालं. यंत्राला तो गोंगाट वाटला.

क्लिपला मागून लावायचं चुंबक येतं, पातळ कपड्यावर फार सोयीचं. पण ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांना ते लावू नका, नुसत्या चिमट्याने क्लिप लावा. वयस्कर पाळकांना मी आधी विचारून घेतो. बॅटरी एका अभ्यासवर्गाच्या सकाळच्या सत्राला पुरते, जेवणाच्या सुट्टीत डबीत टाकली की दुपार निघते. विमानात डबी हातातल्या बॅगेतच ठेवा, लिथियम बॅटरीच्या अशा डब्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नयेत. सुरक्षा तपासणीत दोनदा उघडून दाखवावी लागली, एवढंच.

माझ्या मॉडेलमध्ये प्रत्येक क्लिप स्वतःच्या पोटातही आवाज साठवते. त्याचा उपयोग मला उशिरा सुचला. जर्मनीतल्या एका मंडळीत इंग्रजीतून शिकवत होतो, विषय स्तोत्र 51. दुभाषी भगिनीची परवानगी घेऊन दोन्ही क्लिपांचं रेकॉर्डिंग ठेवलं आणि परतल्यावर जर्मन येणाऱ्या एका मित्राला तिची बाजू ऐकवली. भाषांतर कसं आहे, एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, "उत्तम आहे. पण तुम्ही दरवेळी दहावं वचन म्हणता आणि ती दरवेळी बारावं म्हणते."

"शुद्ध हृदय उत्पन्न कर" हे आपल्या बायबलात 51:10. जर्मन ल्यूथर बायबलात हिब्रूप्रमाणे स्तोत्राच्या वरचा मथळाही वचनांत धरतात, आणि या स्तोत्राचा मथळा दोन वचनांचा. म्हणून तिथे तेच 51:12. माझ्या आकड्यावर गेले असते तर लोक शुद्ध हृदय शोधत मोडलेल्या हाडांपाशी पोचले असते. तिने एकदाही मला थांबवलं नाही, बोटही वर केलं नाही, नुसता आकडा बदलत राहिली.

आता वहीत मी दोन्ही आकडे लिहितो, आणि उपासनेआधी दुसरी क्लिप हातात देतानाच वचनांची यादीही देतो. ती चष्मा लावून वाचते, पेन मागते आणि बहुतेक वेळा एक तरी आकडा खोडतेच.