नान्नजचा माळ पेटला तर: आधी जाळरेषा की नंतर ब्लोअर?

कॅलिफोर्नियासारखे वणवे सोलापुरात लागत नाहीत, कारण तेवढं जंगलच नाही. पण नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीचं कुसळी गवत मार्चमध्ये कागदासारखं पेटतं. शेजारीच ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंजी लागलेल्या आणि पलीकडच्या शेतात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं. झालंच मग!

जाळरेषेचा पट्टा उन्हाळ्याआधीच गवत कापून, जाळून मोकळा करतात. जळायलाच काही नसलं की आग तिथे अडते. शिवाय या पट्ट्याच्या आडून समोरचं गवत मुद्दाम पेटवून उलट आग सोडता येते, म्हणजे येणाऱ्या वणव्याला जळायला काही उरत नाही. जाळरेषेची दुबळी बाजू म्हणजे वारा. जोराच्या वाऱ्यात ठिणगी पट्टा सहज ओलांडते. आणि मार्चपर्यंत रेंगाळलेली जाळरेषा, माझ्या मते, न केल्यासारखीच.

पाठीवरचा ब्लोअर, म्हणजे जोराची हवा मारणारं यंत्र, ज्वाळा बुटक्या असतील तेव्हाच कामाचा. पालापाचोळा उडवून तो जागच्या जागी पट्टा तयार करतो. हिरव्या फांद्यांनी झोडपण्यापेक्षा माणसं कमी लागतात. पण आग डोक्याएवढी झाली की समोर उभं राहू नये. मागून किंवा बाजूने, जळून गेलेल्या भागाकडून काम करावं.

वस्तीसाठी मी जाळरेषाच निवडेन. गंजी आणि गोठ्याभोवती नांगराचे चार तास (नांगरटीच्या ओळी) मारले, तर तीही छोटी जाळरेषाच. धूर दिसताच वन विभागाला १९२६ वर फोन करा. जनावरं आधी सोडा, दावी नंतर शोधा.