फॉर्म्युला मारुती: दहा महिने, तीन वीकेंड आणि न सापडणारा रिव्हर्स

"इंजिन मारुती ८००चं आहे, काळजीच नको." फॉर्म्युला मारुती, म्हणजे एकाच माणसाची जुनी शर्यतीची गाडी, मी घेतली तेव्हा हे मला विकणाऱ्यानं ऐकवलं, बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या मेकॅनिकनं ऐकवलं आणि मग तेच मी घरी ऐकवलं. दहा महिने वापरून सांगतो, यात खोटं काही नाही. फक्त गाडीत इंजिनाशिवाय बाकीही बरंच असतं, ते कुणी बोललं नव्हतं.

आमच्या बडोद्यात जुनी गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर उभ्या केलेल्या संस्थानी गाड्या येतात. जानेवारी २०२३मध्ये तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हापासून तर जास्तच. माझी गाडी त्या जातीची नाही. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर फायबरचं टरफल, चारही चाकं उघडी आणि पाठीमागे ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. कोइम्बतूरच्या एस. करीवर्धन यांनी अशा गाड्या बांधल्या, म्हणून मध्यमवर्गातल्या पोरांनाही सिंगल-सीटरमध्ये, म्हणजे एका सीटच्या शर्यतीच्या गाडीत, बसता आलं. नारायण कार्तिकेयन २००५मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला, त्याची सुरुवातही फॉर्म्युला मारुतीतलीच. माझं वय सेहेचाळीस, त्यामुळे माझ्या बाबतीत असा काही धोका नाही.

गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा आईनं एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "यात बसायचं की निजायचं?" प्रश्न अगदी बरोबर होता. यात निजायचंच असतं. पाय सरळ पुढे, ढुंगण जमिनीपासून चार बोटं वर आणि हनुवटी छातीकडे. माझी उंची पाच फूट दहा. आधीचा मालक बहुधा पाच-पाचचा असावा. पहिल्या दिवशी स्टिअरिंग वळवलं तर दोन्ही गुडघे त्यात अडकले.

म्हणून पहिलं काम सीटचं. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत दोन रसायनं मिसळून फुगणारा पीयू फोम ओतायचा आणि तो फुगत असताना ओव्हरऑल, म्हणजे शर्यतीचा अंगभर सूट, घालून, पट्टे आवळून त्यावर पडून राहायचं. मे महिन्यातली दुपार होती. फोम फुगताना तापतो हे वाचलं होतं, पण कमरेखाली कुणीतरी तवा ठेवल्यासारखं वाटेल ही कल्पना नव्हती. मेव्हणा शेजारी उभा राहून मोबाइलवर मिनिटं मोजत होता आणि हसत होता. पहिला साचा वाकडा झाला, कारण आठव्या मिनिटाला मी हललो. दुसरा जमला. हा खर्च दोन हजारांच्या आत बसतो, आणि गाडी घेणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच करावं. अंग घट्ट बसलं नाही तर वळणावर माणूस स्टिअरिंगला लोंबकळतो, गाडी चालवत नाही.

इंजिनाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, हेच त्याचं कौतुक. मारुती ८०० १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत बंद झाली, तरी रिंगा, गॅस्केट, क्लचप्लेट अजून कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतात. सुरुवातीला एकदा उघडून १४,००० रुपयांत हात फिरवला, त्यानंतर त्याला हात लावलेला नाही. छळलं ते पेट्रोलनं. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात. दुसऱ्याच महिन्यात एक नळी बोटानं दाबली तर चुइंगगमसारखी लागली. सगळ्या नळ्या बदलल्या. इथेनॉलबरोबर जादा ऑक्सिजन येतो, म्हणून जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र, तेच ठेवलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. कार्बोरेटरचं मेन जेट एक नंबर मोठं घातलं. आणि काम संपलं की गाडीतला पेट्रोलचा पंप बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवायचं, नाहीतर आमच्या पावसाळी हवेत इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, जिथे पेट्रोल साठतं, पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं.

आता खरी कटकट: गिअर लिंकेज. लिव्हर माझ्या मांडीशेजारी, गिअरबॉक्स पार मागे. मधला दांडा तीन ठिकाणी सांध्यांनी जोडलेला. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई असली की लिव्हरच्या टोकाला ती बोटभर होते. गिअर सापडत नाहीत असं नाही, भलतेच सापडतात. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर, शर्यतीच्या पहिल्या वीकेंडला, रविवारच्या शर्यतीत, तिसऱ्या फेरीत, चौथ्यातून तिसरा घ्यायला गेलो आणि लिव्हर पहिल्यात पडली. क्लच सोडला मात्र, मागची चाकं अडकली आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरून गवतात उलट तोंड करून उभी. इंजिन बंद. पुन्हा चालू केलं तर रिव्हर्स सापडेना. लिव्हर डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. ट्रॅकवर मदतीला उभा असणारा एक मार्शल धावत आला, वाकून आत पाहिलं आणि म्हणाला, "रिव्हर्स इल्लैया?" मला तमिळ येत नाही, पण हे मला लगेच समजलं. तिघांनी ढकलून कठड्याच्या आत नेलं आणि माझी शर्यत तिथे संपली.

परत आल्यावर त्या सांध्यांचे बुश, म्हणजे आतल्या कड्या, मी स्वतः लेथवर काढले. जॉबवर्कचं वर्कशॉप आहे माझं, तेवढी चैन परवडते. आधी नायलॉनचे केले, पण इंजिनाशेजारचा उष्णतेनं फुगला आणि लिव्हर दगडासारखी घट्ट झाली. मग गनमेटलचे केले. मापात इतके बसवले की ग्रीसशिवाय आत जाईनात. आमच्या कारागिरानं लिव्हर हलवून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, आ तो हवे मरसिडीस थई गई." मर्सिडीज नाही झाली, पण पुढचे दोन्ही वीकेंड तिसरा तिसऱ्यातच पडला. रिव्हर्स मात्र अजून चारातून एकदा सापडतो.

चालवायला कशी? ताकद फार नाही, त्यामुळे सगळं वेग न सोडण्यावर. करी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला. करीवर्धन यांचं नाव त्याला आहे. ते १९९५मध्ये हलक्या विमानाच्या अपघातात गेले आणि ट्रॅक सुरू झाला २००३मध्ये. छोटा ट्रॅक, एकामागून एक वळणं, श्वास घ्यायला वेळ नाही. ब्रेकला बूस्टर नाही, पेडल भिंतीसारखं लागतं. नवखा माणूस घाबरून जोरात दाबतो आणि पुढचं एक चाक अडकतं. माझंही अडकलं, टायरवर रुपयाएवढा सपाट डाग पडला आणि उरलेली शर्यत दात वाजत काढली. हळू वळणातून लवकर अॅक्सिलरेटर दिला तर आतलं चाक नुसतं गरगर फिरतं, कारण डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणारा भाग, साधंच आहे. थोडं थांबून, स्टिअरिंग सरळ होताना द्यायचं. हे कळायला मला दोन वीकेंड लागले, आणि फेरी १ मिनिट २६ सेकंदांवरून २१वर आली. माझ्यासोबत त्याच ग्रिडवर नवीन सिंगल-सीटर असतात. त्या मला गाठून पुढे जातात आणि मी निळा झेंडा पाहून आज्ञाधारकपणे बाजूला होतो. मागे माझ्यासारखे तिघे-चौघे, आमच्यात मात्र खरी लढाई असते. तिसऱ्या वीकेंडला शेवटच्या वळणावर एकाला मी आतून काढलं. निकालपत्रकात माझा अकरावा नंबर. झेरॉक्स काढून ठेवली आहे.

आता पैशांचं. गाडी सव्वातीन लाखांना पडली, ती महाग नाही. महाग आहे अंतर. बडोदा ते कोइम्बतूर १,७०० किलोमीटरच्या आसपास. चौदा फुटी टेम्पोचे जाऊन-येऊन ८२,००० मोजले. रस्त्यावरच्या तपासणीत दर वेळी तोच प्रश्न, "आरसी कुठंय?" ही रस्त्यावर चालत नाही, हिला आरसीच नसते. माझ्याच फर्मचं डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल दाखवायचं. पहिल्या वेळी टेम्पोवाल्यानं दोरखंड थेट सस्पेन्शनच्या आडव्या दांड्यावर टाकून आवळला आणि तो वाकला. त्याचं म्हणणं, आधीच वाकडा असेल. तेव्हापासून मी चाकांना पट्टे बांधून देतो आणि बांधल्यावर फोटो काढतो. मोटर शर्यतींच्या फेडरेशनचं लायसन्स, मेडिकल, आगरोधक ओव्हरऑल, हेल्मेट, अपघातात मान सांभाळणारा हान्स, हे सगळं वेगळंच. हेल्मेट आणि हान्सवर वाचवू नका. मी हातमोज्यांवर वाचवलं आणि तळहाताला फोड आले.

शनिवारी सरावाची दोन सत्रं वीस-वीस मिनिटांची, क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र, पंधरा, रविवारी आठ-आठ फेऱ्यांच्या दोन शर्यती. सगळं धरून सव्वा तास, तोही काही मोडलं नाही तर. बायकोनं हा हिशोब कॅल्क्युलेटरवर केला आणि मिनिटाचा भाव काढून फ्रिजवर चिकटवला. मी तो काढलेला नाही.

शहाणपण म्हणजे गाडी तिकडेच भाड्याच्या शेडमध्ये ठेवायची. तेही केलं. दुसऱ्या वीकेंडनंतर दोन महिने गाडी तिथे आणि मी इथे. संध्याकाळी वर्कशॉप बंद झाल्यावर हात रिकामे. रावपुऱ्यात जाऊन सेव उसळ खायची आणि घरी. तिसरा वीकेंड झाल्यावर टेम्पो सांगितला आणि गाडी परत आणली.

बडोद्यात कुणाला अशी गाडी घ्यायची असेल तर माझी मकरपुऱ्यातच आहे, येऊन बसून बघा. मी ती विकायला काढलेली नाही, पण बसून बघायला हरकत नाही. उंची पाच-आठच्या खाली असेल तर फोमचा साचा पुन्हा करावा लागेल, आणि मी तो करू देणार नाही. पुढच्या वीकेंडसाठी टेम्पो ठरलाय. रिव्हर्सचा चौथा बुश कालच लेथवर लावलाय, आणि तो नाही जमला तर मार्शल आहेतच ढकलायला.