‘1000 पट’ लिहिलेला मोबाइल मायक्रोस्कोप: पेरणीपासून वेचणीपर्यंत वापरून

परवा वायर तुटली, म्हणून लिहायला बसले. काळी वायर नळीत शिरते तिथे, अगदी मानेपाशी. लहान्याने वायरला धरून अख्खा मायक्रोस्कोप खुंटीवरून ओढला. वॉरंटी 1 वर्षाची आहे आणि वर्ष अजून भरायचं आहे. विकणाऱ्याने चॅटवर आधी व्हिडिओ मागितला, मग बिल, मग डब्याचा फोटो. सगळं दिल्यावर म्हणे वायर अ‍ॅक्सेसरीत मोडते, तिला वॉरंटी नाही. तरी तपासून हवा असेल तर स्वखर्चाने दिल्लीला पाठवा. जी वायर नळीतून निघतच नाही ती अ‍ॅक्सेसरी कशी, असं विचारलं तर ‘आपला दिवस शुभ जावो’. आमच्या गावात कुरिअरवाला पार्सल टाकायला येतो, उचलायला येत नाही. तालुक्याला जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट बाईमाणसाला अर्धं असलं तरी सगळं मिळून अडीचशे लागले असते, आणि वस्तू 1,150 ची. आठवडी बाजारात मोबाइल दुरुस्तीवाल्याने 60 रुपयांत जोडून दिली. मोठी लेक शेजारी उभी राहून बघत होती: लाल-काळी करंटची, पांढरी-हिरवी चित्राची. तिच्या दृष्टीने तो दिवस वायाच गेला नाही.

मोबाइलला वायरने जोडून खालची वस्तू पडद्यावर मोठी दाखवणारी, आठ एलईडीवाली ती काळी नळी सगळ्यांनी पाहिली असेल, म्हणून बाकीचं वर्णन करत नाही. ओटीजी (फोनला बाहेरची वस्तू जोडायची सोय) चालणारा फोन लागतो. आमच्या ह्यांच्या जुन्या फोनवर लागला नाही, माझ्यावर लागला. लाइन गेली तरी चालतो, कारण करंट फोनकडूनच ओढतो. त्यामुळे फोनची बॅटरी मात्र भराभर उतरते.

आता डब्यावरच्या ‘1000 पट’बद्दल. मोठीची शाळेची पट्टी नळीखाली धरली. पार टेकवून, चाक शेवटपर्यंत फिरवून जास्तीत जास्त मोठं केलं तेव्हा पट्टीचा दीड मिलिमीटर माझ्या मोबाइलवर 9 सेंटिमीटर झाला. म्हणजे 60 पट. तेच चित्र आमच्या 32 इंची टीव्हीवर पडदाभर घेतलं तर साडेतीनशेच्या आसपास जाईल, पण त्यात नवीन काही दिसणार नाही, धूसर तेच जास्त धूसर होईल. 1000 पट हवं तर समाजमंदिराची भिंत लागेल. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेवेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने स्वतः बनवलेल्या एका बारक्या भिंगातून जे पाहिलं ते यातून दिसत नाही. त्याचा आज शिल्लक असलेला एक सूक्ष्मदर्शक सुमारे 270 पट दाखवतो, तोही विजेशिवाय. या एका आकड्यासाठी मी पहिल्याच आठवड्यात 2 तारे देऊन मोकळी झाले होते.

ते तारे वाढले ते तुडतुड्यांमुळे, म्हणजे कापसावरच्या बारीक किडीमुळे. श्रावणात पराटीचं (कापसाच्या झाडाचं) पान उलटं करून नळीखाली ठेवलं, तेही जवळ नेऊन नाही, वीस-तीस पटीवरच. हिरवट पिल्लं शिरेच्या कडेने सरळ न चालता आडवी सरकत होती. मोठी ओरडली, “आई, हा खेकड्यासारका कायले चालते?” आबाजींनी चष्मा पुसून फोनवर डोकं घातलं. “तुडतुडा म्हंजे हाच होय का? चाळीस वर्सं झाले फवारून रायलो, तोंड आज पाह्यलं.” नंतर ते रोज संध्याकाळी विचारायला लागले, आज काय लावलं म्हणून.

जवळची पट आणि दूरची पट अशा दोनच जागी चित्र स्वच्छ येतं, मध्ये सगळं धुकं. लेकरांच्या कामाची आहे ती दूरची. मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) बघा: मादी नराशिवायच जिवंत पिल्लं घालते. नशीब असेल तर पिल्लू बाहेर येताना सापडतं, आम्हाला सापडलं. मागून निघणारा गोड चिकटा चाटायला मुंग्या येतात, त्याही दिसतात. ढालकिडा (लेडीबर्ड) माव्याला खाताना दिसला तेव्हा लहाना फोनला मारायला धावला. त्याला वाटलं किडा काचेच्या आत आहे.

दिवाळीच्या आसपास डोमकळी (अळी शिरल्याने न उमललेलं कापसाचं फूल) फोडून ठेवली. आत बारीक अळी. मोठीचा आक्षेप: “गुलाबी अळी म्हणतेत, हे तं पांढरी हाये!” लहानपणी ती पांढरीच असते, डोकं तेवढं काळपट; गुलाबी रंग नंतर येतो. 2017 साली या अळीने विदर्भातला कापूस खाल्ला तेव्हा आम्ही तिला बोंडातच पाहिलं, रंग चढल्यावर. कळीतली कोणी मुद्दाम पाहायला गेलं नव्हतं. एक नियम मात्र घरात पक्का आहे: फवारलेल्या वावरातलं पान उचलायचं नाही, ओट्यावरच्या दोन झाडांचंच घ्यायचं, आणि नंतर साबणाने हात. 2017 साली फवारणीत विषबाधा होऊन माणसं गेली, ती आमच्या यवतमाळ जिल्ह्यातच जास्त. फवारणीबद्दल इथे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

कापसाने थोडी निराशा केली. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी वाढून जवळजवळ 3 सेंटिमीटर लांब तंतू होतो, वाळला की चपटा होऊन पीळ खातो, आणि त्या पिळामुळेच सुतात धरून राहतो, हे मी मोठीला सांगत होते. पण 60 पटीत पिळाचा फक्त अंदाज येतो. आबाजींच्या टेरिकॉटच्या सदऱ्याचा धागा शेजारी ठेवल्यावर फरक कळला, तोही मला. मोठीचं लक्ष तोवर सदऱ्यावरच्या चहाच्या डागाकडे गेलं होतं.

खरी मजा टीव्हीवर आली. टीव्ही चालू ठेवून, नळीतले एलईडी बंद करून नळी पडद्याला टेकवली. बातम्यांची पांढरी पट्टी चालली होती. फोनवर पांढरं कुठेच नाही! लाल, हिरवे, निळे तुकडे ओळीने. पिवळ्या अक्षरावर नेलं तर फक्त लाल आणि हिरवे पेटलेले. “मंग पिवळा कुठी हाये?” मी म्हटलं, तुझ्या डोळ्यात. पटलं नाही. मग पेपरातला पिवळा फोटो लावला, तिथे शाईचे ठिपके खरंच पिवळे. म्हणजे पेपरात पिवळा आहे आणि टीव्हीत नाही, हे तिने स्वतःच सांगून टाकलं आणि गल्लीत सगळ्यांना सांगत फिरली. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरचे व्हिडिओ ती बघते, चांगले असतात, पण ते संपले की पुढचा लागतो. इथे पुढचं काही लागत नाही. काय लावायचं ते तिलाच आणावं लागतं, म्हणून ती खिसे भरून आणते. गोगलगाय, भाकरीवरची बुरशी, एकदा आजीच्या वेणीतला केस.

2 ते 4 वर्षांच्या लेकरांना दिवसाला 1 तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. लहाना त्यात बसतो. त्याला फोन हातात देत नाही, आमच्या मध्ये बसवून दाखवते. तेवढ्यात तो कंटाळून उठतोही.

आता स्टँड. ज्याने हा बनवला त्याने तो कधी जमिनीवर ठेवून वापरला असेल असं वाटत नाही. प्लॅस्टिकची पोकळ बैठक, वर करंगळीएवढी दांडी आणि एक चिमटा. चिमटा घट्ट केला तर आटे घसरतात, ढिला ठेवला तर नळी खाली बसते. फोकसचं चाक इतकं कडक की ते फिरवताना नळीच फिरते. जवळच्या पटीवर शेजारी कोणी शिंकलं तरी चित्र उडतं. आमच्या सारवलेल्या ओसरीवर पोरं इकडून तिकडे पळाली की तुडतुडा भूकंपात सापडल्यागत हलतो. पुस्तकांची चळत लावून पाहिली, चिमट्याला दोरी बांधली, बैठकीत वाळू भरली. वाळूने थोडं बरं झालं, पण मग वाळूच नळीखाली यायला लागली आणि मोठी वाळूच बघत बसली, ती एवढी रंगीत असते हे मलाही माहीत नव्हतं. रागावताही येईना.

शेवटी वेल्डरकडे गेले. किराणा दुकानातून आणलेलं 2 किलोचं जुनं लोखंडी वजन, त्यावर सळईचा तुकडा, वर सायकलच्या सीटचा क्लॅम्प आणि आत ट्यूबचा रबर. 120 रुपये. हलत नाही. आता आबाजी एकटेसुद्धा लावून बघतात.

कोणाला पाण्यातले जीव बघायचे असतील तर हा घेऊ नका. त्यासाठी फोल्डस्कोप आहे, मनु प्रकाश आणि सहकाऱ्यांनी बनवलेला कागदी सूक्ष्मदर्शक, 140 पट दाखवतो. पण त्याला डोळा लावून बघायचं तर एका वेळी एकच जण बघतो, आणि आमच्या घरी रांग लावायला कोणी तयार नसतं. इथे फोनच्या पडद्यावर चौघं एकदम भांडू शकतात.

दुरुस्ती आणि स्टँड धरून 1,330 गेले. नळीला 4 तारे, दुकानाच्या सेवेला शून्य. घेणार असाल तर टाइप-सी पिन आहे का बघा, वायर आल्या दिवशीच मानेपाशी टेपने गुंडाळा, आणि स्टँड नसलेला शंभर-दोनशेने स्वस्त मिळत असेल तर तोच घ्या. वेल्डर तुमच्या गावातही असेलच.