डेबियनचे रिपोर्टबग: तक्रारीची रीत आणि शाबासकीची सोय

डेबियन या लिनक्स प्रणालीत एखादे सॉफ्टवेअर चुकीचे वागले, तर ते कळवण्यासाठी रिपोर्टबग नावाचे छोटे साधन आहे. घरच्या संगणकावर मी ते गेली काही वर्षे वापरत आहे आणि तक्रार कशी मांडावी हे मी त्याच्याकडूनच शिकले.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, रिपोर्टबग लिहून पुढे पॅकेजचे, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या संचाचे, नाव दिले की, आपल्याला काही लिहू देण्याआधी ते त्या पॅकेजवर आधी नोंदवलेल्या बगांची, म्हणजे दोषांची, यादी समोर ठेवते. ही यादी घाई न करता वाचावी, कारण आपली अडचण पुष्कळदा तिथे कोणीतरी मांडलेली असते आणि मग नवी नोंद न करता त्याच नोंदीत आपली माहिती जोडता येते. पॅकेज सांभाळणारे बरेचसे मेंटेनर हे काम स्वयंसेवक म्हणून करतात. एकच बग पाच वेळा वाचायला लावणे त्यांच्यावर अन्याय आहे.

त्यानंतर येणारा मसुदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. हे कशामुळे घडले, तुम्ही नेमके काय केले, त्याचा परिणाम काय झाला आणि तुमची अपेक्षा काय होती, असे साधे प्रश्न त्यात असतात. मजकूर लिहिण्याच्या एका लहानशा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे संपादकात, मराठी शब्द शोधताना तो बंद पडत असे, तेव्हा मी आधी ‘मराठी शोध चालत नाही’ एवढेच लिहिले होते. या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी पुन्हा करून पाहिले, तेव्हा ‘घर’ शोधल्यावर काहीच बिघडत नाही आणि ‘क्षण’ शोधल्यावर मात्र संपादक हमखास बंद पडतो, हे ध्यानात आले. कर्नेल (प्रणालीचा गाभा), लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) आणि संबंधित पॅकेजांच्या आवृत्त्या हा तपशील साधन स्वतःच खाली जोडते.

तीव्रतेच्या सात पायऱ्या आहेत, ‘क्रिटिकल’पासून ‘विशलिस्ट’पर्यंत. वैतागलेल्या माणसाचा हात वरच्या पायरीकडे जातो, पण पॅकेज जवळजवळ निरुपयोगी झाले, माहिती नष्ट झाली किंवा वापरणाऱ्यांच्या खात्यांत शिरता येईल अशी सुरक्षेची फट पडली, तरच ‘ग्रेव्ह’ ही वरून दुसरी पायरी निवडणे योग्य. मी ‘इम्पॉर्टंट’ निवडले. नोंद ईमेलने जाते, तिला क्रमांक मिळतो आणि ती आपल्या ईमेल पत्त्यासह सर्वांना दिसते, म्हणून त्यासाठी वेगळा पत्ता ठेवणे शहाणपणाचे. नोंद इंग्रजीतच लिहावी, मोडकी असली तरी चालते, नेमकेपणा महत्त्वाचा.

फार थोड्यांना ठाऊक असलेली सोय म्हणजे ‘कुडोज’. रिपोर्टबगला हा पर्याय दिला की बगची नोंद होत नाही, तर मेंटेनरला थेट शाबासकीचे पत्र जाते. तक्रारीच्या साधनातच कौतुकाची वाट ठेवणाऱ्याच्या मनाचा मला फार आदर वाटतो. माझा बग दुरुस्त होऊन नोंद बंद झाल्याचा ईमेल आला, त्याच संध्याकाळी मी हा पर्याय वापरून लिहिले की ज्या शब्दावर संपादक बंद पडत होता, तो आता बिनतक्रार सापडतो आणि माझ्या आईच्या पाककृतींची वही मी त्यातच टंकत आहे. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले. पहिल्या ओळीत आभार होते, आणि दुसरीत, पुढच्या प्रत्येक आवृत्तीच्या चाचणीत ‘क्षण’ हा शब्द घातल्याचे कळवले होते.