सोल बॅलड: जुनी सीडी की रीमास्टर?

अमेरिकेतल्या मेम्फिस किंवा डेट्रॉइटची १९६०-७०च्या दशकांतली संथ सोल गाणी (सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावपूर्ण लोकप्रिय संगीत) घ्यायची, तर १९८०च्या दशकातली पहिली सीडी की नंतरची रीमास्टर, म्हणजे जुन्या टेपवरून आवाज नव्याने सुधारून काढलेली सीडी? वेष्टनावरचं ‘डिजिटली रीमास्टर्ड’ विसरा.

टेपच्या बाबतीत सहसा रीमास्टर सरस, कारण ती मूळ टेपच्या जवळची असते. जुन्या सीडी बऱ्याचदा एलपी तबकडीसाठी काढलेल्या टेपच्या प्रतीवरून बनल्या. प्रतीगणिक खरखर वाढते, झांजांची धार बोथट होते.

आवाजाच्या चढउतारात मात्र जुनीच सरस. १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) दाबून एकूण आवाज वाढवायची चढाओढ लागली. गायकाची कुजबुज आणि आर्त हाक एकाच पातळीवर आली, की बॅलडचा जीवच जातो! दोन्ही ऐकताना आधी पातळी सारखी करा. मोठी वाजणारी सीडी उगाच चांगली वाटते.

काही जुन्या सीडींत प्री-एम्फसिस असतो, म्हणजे वरचे सूर मुद्दाम वाढवून नोंदलेले असतात. प्लेअर तो आपोआप उतरवतो. संगणकावर कॉपी करताना ही दुरुस्ती राहिली, तर वरचे सूर टोचतात.

शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांनी जुनी शोधावी. गाडीत ऐकायचं असेल, तर रीमास्टर घ्या. इंजिनाच्या आवाजात हळू ओळी बुडत नाहीत.