एमआरआय चांगला, रंगीत पॅकेज मात्र नको

नाव लिहीत नाही. दादर-परळ पट्ट्यातलं सेंटर आहे. लिफ्ट आहे, एसी कडाक्याचा, शाल न्या. धाकट्या भावाला घेऊन गेले होते. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, औषधं चालू आहेत. अलीकडे डोकं फार दुखायचं म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा साधा एमआरआय लिहून दिला होता. साधा, हे लक्षात ठेवा.

आधी चांगलं सांगते. आतला टेक्निशियन मुलगा लाखात एक. भावाच्या दंडावर आईने बांधलेला ताईत, तो काढायला तयार नाही. मी समजूत घालायला लागले की लांबण लागते, आणि वाक्य लांबलं की त्याचा धागा मध्येच सुटतो. हा मुलगा समोर स्टुलावर बसला. "दादा, आत मोठं लोहचुंबक आहे. धातू चालत नाही. ताईत ताईंकडे देऊ. बाहेर आलात की परत बांधू." प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता. भावाने स्वतःच गाठ सोडली. मग कानावर हेडफोन, हातात दाबायचा रबरी फुगा, आणि मशीन ठोकायला लागण्याआधी दरवेळी माईकवरून एवढंच: "आता चार मिनिटं. आवाज येईल. हलायचं नाही." तो हलला नाही. रिपोर्ट संध्याकाळी हातात, सगळं ठीक. (डोकेदुखी चष्म्याची निघाली.)

काउंटरवर मात्र आनंद. भाऊ शेजारी उभा असताना बाई मला विचारतात, "पेशंटला कळतं का?" संमतीचा फॉर्म फक्त इंग्रजीत. मग एकदाच त्याच्याकडे वळून, "जेवून आलात का?" तो म्हणाला, "जेवण डब्यात, डबा फास्टचा, फास्ट दादरला थांबते, दादर चढायला त्रास होतो." घरी आम्हाला याची सवय आहे. एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो आणि विचारलेलं राहून जातं. बाईंनी ते ऐकलं आणि लॅमिनेट केलेलं पत्रक पुढे सरकवलं: डीटीआय ट्रॅक्टोग्राफी (मेंदूतल्या तंतूंचे मार्ग दाखवणारा स्कॅन), 'भाषेचे मार्ग', सहा हजार जादा. "यात कळेल बोलणं का बिघडलंय." मी नको म्हणेपर्यंत मामांनी जीपे केलं होतं. पॅकेज म्हटलं की मामांना राहवत नाही, मग ते अष्टविनायकाचं असो की मेंदूचं.

मिळालं काय? लाल, हिरव्या, निळ्या तारांचा मेंदू छापलेला चकचकीत कागद. रंग संगणकाचे: डावी-उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढे-मागे हिरवे, वर-खाली निळे. तारांचाही कुणी फोटो काढलेला नसतो. मेंदूतलं पाणी तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी. ते मोजून संगणक मार्गाचा अंदाज बांधतो. पाणी किती एकाच दिशेने सरकतं, त्या मापाला एफए म्हणतात, शून्य ते एक. आमच्या कागदावर 'डावा आर्क्युएट फॅसिक्युलस, किंचित कमी' असं होतं. हा व्हाइट मॅटरचा, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंचा, कमानदार पट्टा, कानाच्या बाजूचा शब्द समजण्याचा भाग कपाळाकडच्या बोलण्याच्या भागाला जोडणारा.

मामा म्हणाले, "बघ, सापडलं." भावाच्या डॉक्टरांनी कागद पाहून एवढंच विचारलं, "कमी म्हणजे कोणापेक्षा?"

त्याच्या वयाच्या, त्याच मशीनवर तपासलेल्या निरोगी लोकांचा आकडा रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता.

स्किझोफ्रेनियाशी व्हाइट मॅटरचा संबंध थोतांड नाही. २०१८ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने जवळपास दोन हजार रुग्ण आणि त्याहून जास्त निरोगी लोकांचे असे स्कॅन एकत्र तपासले. रुग्णांचा सरासरी एफए कमी निघाला, पण मेंदूत बऱ्याच ठिकाणी, एकट्या भाषेच्या पट्ट्यात नव्हे. शिवाय ती सरासरी. एकेकाचे आकडे दोन्हीकडे मिसळलेलेच असतात. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात त्यांच्या या पट्ट्यात काही अभ्यासांना आकडा कमी सापडला, काहींना जास्त. डोकं जरा हललं तरी आकडा बदलतो. स्किझोफ्रेनियाचं निदान आजही बोलून आणि निरखूनच होतं. मेंदूत गाठ असेल तर ऑपरेशनआधी हे मार्ग बघणं सर्जनच्या खरंच कामाचं. भावाच्या बोलण्यावरून ते आम्हाला विकणं, हे मला अजिबात पटलेलं नाही. मॅनेजरकडे गेले तर "तुमच्याच माणसाने पैसे भरले ना?"

सहा हजारात त्याचे वाचा-उपचाराचे बरेच तास झाले असते. तिथे त्याला चहा कसा करायचा ते चित्रं लावून पायरीपायरीने सांगायला लावतात, आणि साखरेपर्यंत तो आता न भरकटता पोचतो.

जाणार असाल तर चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच करायचं, हे पैसे भरणाऱ्याला घरूनच बजावून ठेवा. दुपारची वेळ मागा, तेव्हा गर्दी कमी. सीडी मागून घ्या, आपणहून देत नाहीत. आणि त्या टेक्निशियनची ड्युटी कधी असते ते आधी फोन करून विचारा.