सिंड्रेलाचा किल्ला: 2016चा की 2023चा?

तुकडे जोडून बनवायची खेळणी काढणाऱ्या लेगोने डिस्नेचा हा किल्ला दोनदा काढला. 2016च्या संचात 4080 तुकडे, 2023च्या संचात 4837. दोन्ही फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानातल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यावर बेतलेले.

माझा कौल नव्या संचाला, आणि कारण सरळ आहे: राजकन्या. जुन्यात मिकी, मिनी, डोनाल्ड, डेझी आणि टिंकर बेल अशी पाच पात्रं आहेत, पण ज्या सिंड्रेलाचा वाडा, तीच घरात नाही! नव्यात ती राजपुत्रासह येते. सोबत स्नो व्हाइट, टियाना, रॅपुन्झेल आणि त्यांचे जोडीदार, म्हणजे एकूण आठ पात्रं. तीही मिनीफिगर, म्हणजे लेगोची नेहमीची ठोकळेबाज माणसं, ज्यांचे पाय वेगवेगळे हलतात. लेगोच्या राजकन्यांच्या छोट्या संचांत सहसा मिनीडॉल, म्हणजे सडपातळ बाहुल्या असतात, त्यांचे पाय एकत्रच वाकतात, मनगटंही फिरत नाहीत. खेळताना हा फरक बोटांना लगेच कळतो.

जुन्याच्या खोल्या मात्र अजून मनात आहेत. चरख्याची खोली तर मला फार आवडते. पण तो संच आता बनत नाही.

मुलांसोबत जोडणार असाल तर घाई करू नका. नव्यावर वय 18+ लिहिलंय. पांढऱ्या भिंती मोठ्यांनी उभ्या कराव्यात, खोल्या मुलांनी सजवाव्यात.